रबराच्या बियांचा प्रवास व त्यापासून घ्यावयाचा बोध

परमुलुखांतून आणलेलें पीक नव्या ठिकाणीं भरभराटलें म्हणजे तो तेथील जमिनीचा व हवेचा गुण, असें आपण समजतों. परंतु त्या पिकाचा शत्रु मागें राहिला, हेंही कारण असूं शकतें. रबराचा इतिहास याची साक्ष देतो.

रबराचें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यांतलें. त्याच्या सालींतील सूक्ष्म नळ्यांत पांढरा चीक असतो. पहाटेच्या गारव्यांत सालीस तिरका छेद दिला म्हणजे तो वाहतो. मात्र छेद लाकडापर्यंत गेल्यास नवी साल नीट भरून येत नाहीं. चिकांत सौम्य अम्ल मिसळून तो गोठवितात. असें कच्चें रबर उन्हानें चिकट व थंडीनें कडक होतें. गंधक घालून तापविल्यास हा दोष जातो, असें १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यांस आढळलें. पुढें १८८८ सालीं डनलॉप यांनीं चाकास हवा भरलेली रबरी धांव बसविली, आणि रबराची मागणी वाढत गेली.

तत्पूर्वींच, १८७६ सालीं, हेन्री विकहॅम यांनीं ब्राझीलमधील तापाजोस नदीकांठचें सुमारें ७०,००० बीं लंडनजवळील क्यू येथील बागेंत पोंचविलें. हें बीं लवकर निर्जीव होतें. त्यांतून तीन हजारांहून कमीच रोपें उगवलीं. बरींच सिलोनास गेलीं, व १८७७ सालीं २२ रोपें सिंगापुरास पोंचलीं. पूर्वेकडील विस्तीर्ण मळे बहुतांशीं याच वंशाचे होत.

उलट, झाडाच्या मायदेशींच काय घडलें तें पहा. १९२७ सालीं हेन्री फोर्ड यांच्या कंपनीनें तापाजोसकांठीं विस्तीर्ण जमीन मिळवून रबर लाविलें. रानांत हीं झाडें दूरदूर असल्यानें पानें गाळणारी तेथील बुरशी सहसा फैलावत नसे. दाट मळ्यांत तिला मोकळें रान मिळालें. अखेर १९४५ सालीं मोठा तोटा सोसून ती जमीन ब्राझील सरकारास परत द्यावी लागली. ही बुरशी बियांबरोबर पूर्वेस आली नाहीं, हेंच आशियांतील मळ्यांचें भाग्य.

केरळांत बहुतेक ठिकाणीं डोळे भरून केलेलीं कलमें लावितात, व त्यांत ‘आरआरआयआय १०५’ या एकाच जातीचा भरणा फार आहे. गोव्यांत व दोडामार्गाकडेही रबर होतें. एका जातीचीं सारीं कलमें म्हणजे एकाच झाडाच्या फांद्या. एकास जो रोग मारील तो सर्वांस मारील. म्हणून आमची वाचकांस विनंती आहे कीं, तपासणी चुकवून परदेशचें रोप, बीं वा माती आणूं नये, आणि सारी जमीन एका जातीच्या भरंवशावर सोडूं नये.