मेण जाते, आकार उरतो

ओल्या वाळूत वाटी दाबून अलगद उचलली, तर तिचा ठसा स्वच्छ उमटतो. आता तांब्या गळ्यापर्यंत पुरून वर ओढून पाहा. त्याचे पोट फुगीर, गळा अरुंद. वाळू ढासळल्यावाचून तो बाहेर येणारच नाही. वाळूच्या साच्यात धातू ओतणाऱ्यांपुढेही हीच अडचण असते. नमुना बाहेर काढता यावा म्हणून साचा दोन भागांत करावा लागतो, नमुन्याच्या बाजूंना उतार द्यावा लागतो आणि सांध्यावर धातूची जी शिवण उमटते ती नंतर घासून काढावी लागते.

पण नमुना ओढून न काढता वितळवूनच काढला तर? ही युक्ती फार जुनी आहे. मोहेंजोदडोची सुमारे साडेदहा सें.मी. उंचीची नर्तिका अशाच मेणाच्या नमुन्यावरून ओतलेली आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात ही कृती दिली असून, मेण आधी तोलून त्यावरून धातूचे वजन ठरवावे असे सांगितले आहे. कारण उघड आहे: मेणाने व्यापलेली जागाच धातू व्यापणार. मेणाची घनता सुमारे ०.९५ व तांब्याची ८.९, म्हणजे १०० ग्रॅम मेणाच्या जागी सुमारे ९४० ग्रॅम तांबे लागेल.

आजच्या कारखान्यांत याला 'इन्व्हेस्टमेंट कास्टिंग' म्हणतात. (गुंतवणुकीशी याचा संबंध नाही; वेढणे, पांघरणे हा त्या शब्दाचा जुना अर्थ.) मेणाचे नमुने एका दांड्याला झाडाच्या फांद्यांसारखे जोडतात, सिलिका किंवा झिरकॉनच्या बारीक भुकटीच्या राबडीत बुडवतात, वर रेती भुरभुरून वाळवतात. असे अनेक थर दिले की कठीण कवच तयार होते.

आता मेण काढायचे. इथे घाई हवी! मेण कवचापेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावते. सावकाश तापवले तर ते आतून फुगून कवचच फोडील. म्हणून कवच एकदम दाबाखालच्या वाफेत ठेवतात. मेणाचा बाहेरचा पातळ थर आधी वितळून वाहून जातो आणि उरलेल्या मेणाला फुगायला जागा मिळते. मग कवच भट्टीत भाजतात व ते गरम असतानाच धातूचा रस ओततात. त्यामुळे पातळ कोपऱ्यांतही रस गोठण्यापूर्वी पोहोचतो. शेवटी कवच फोडून टाकतात. प्रत्येक वस्तूमागे एक नमुना आणि एक कवच खर्ची पडते, म्हणून साध्या कडीकोयंड्यासाठी कोणी हा खटाटोप करीत नाही.

जेट एंजिनातील टर्बाइनच्या पात्यांसाठी मात्र तो करावाच लागतो. पात्याभोवतीचा वायू खुद्द त्या मिश्रधातूच्या वितळबिंदूहूनही तप्त असू शकतो. पाते टिकावे म्हणून त्याच्या पोटातून नागमोडी मार्गांनी थंड हवा खेळवतात. निकेलच्या या चिवट मिश्रधातूत असे वळणदार मार्ग कोणत्या गिरमिटाने पाडणार? त्याऐवजी मेणातच सिरॅमिकचा गाभा ठेवतात आणि ओतकामानंतर तो दाहक अल्कलीत विरघळवून टाकतात. पाते एकाच स्फटिकाचे असेल तर ते उष्णतेत अधिक टिकते. त्यासाठी साच्याच्या तळाशी पिळदार अरुंद वाट ठेवतात. रस खालून वर गोठत जातो आणि त्या वाटेतून एकच स्फटिक वर वाढतो. हैदराबादच्या संरक्षण धातुविज्ञान प्रयोगशाळेने हे तंत्र विकसित करून २०२१ साली हेलिकॉप्टरच्या एंजिनासाठी अशी ६० पाती पुरवली.