‘आई, आता स्वच्छ आहेत ना?’

निपाणी भागातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. यजमान तंबाखूच्या वखारीत कामाला, मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या दीड-दोन वर्षांपासून मुलाने तंबाखूच्या धुळीची धास्ती घेतली आहे. वडील कामावरून आले की पुढच्या दाराने घरात यायचं नाही. परसदारी अंघोळ करायची, कपडे वेगळ्या बादलीत टाकायचे, मगच आत. एवढं करूनही त्यांचा हात दाराच्या कडीला लागला तर ती कडी घासून काढायची. नळाला रोज पाणी नाही, भरून ठेवलेलं पिंप दुपारपर्यंत रिकामं होतं. मुलाच्या हातांची सालं निघाली आहेत. आणि दिवसभर एकच प्रश्न, “आई, आता स्वच्छ आहेत ना?” त्या लिहितात, “मी हो म्हटलं की पोर शांत होतं, म्हणून मी हो म्हणते. नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो, आदमापूरलाही जाऊन आलो. हा नाद आहे, बाहेरचं काही आहे, की आजार?”

ताई, हा आजार आहे. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ओसीडी’ लिहिलेलं दिसेल. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली, तेव्हा हजार प्रौढांमागे साधारण आठ जणांना तो असल्याचं दिसलं. तेच प्रमाण धरलं तर एकट्या निपाणी शहरात अशी तीनशेच्या आसपास माणसं निघतील. ती दिसत नाहीत, कारण ती न्हाणीघरात असतात, किंवा कुलूप लागलंय का ते पाहायला चौथ्यांदा मागे फिरलेली असतात. काही जण तर मनातल्या मनातच मोजत असतात आणि शेजारच्याला त्याचा पत्ताही नसतो.

या आजाराची गोष्ट सांगताना पुस्तकांत बहुतेक युरोप-अमेरिकेतली नावं येतात. मला मात्र त्यातलं एक आपल्या शेजारचं नाव आवर्जून सांगायचं आहे. पद्मल डी सिल्वा. श्रीलंकेचा हा मानसशास्त्रज्ञ लंडनला गेला आणि तिथे स्टॅनली रॅकमन यांच्याबरोबर त्याने दोन साधे प्रयोग केले. ‘साधे’ हे मी कौतुकाने म्हणतो आहे. दोन्हींना ना महागडं यंत्र लागलं, ना प्रयोगशाळा.

पहिला प्रयोग १९७६ चा. मंत्रचळाच्या काही रुग्णांना त्यांना नकोशा वाटणाऱ्या वस्तूला हात लावायला सांगितलं. हात धुण्याची ऊर्मी किती अनावर आहे हे त्यांनीच आकड्यात सांगायचं. एका वेळी लगेच हात धुवायला परवानगी, दुसऱ्या वेळी काही तास धुवायचं नाही, नुसतं थांबायचं. धुतल्यावर ऊर्मी झपकन उतरली, त्यात नवल नव्हतं. पण न धुताही ती उतरली! वेळ लागला, पहिली काही मिनिटं फार जड गेली, पण बरीचशी ऊर्मी तासाभरात ओसरली आणि तीन तासांत जवळजवळ विरून गेली. वर्षानुवर्षं ज्यांना वाटत होतं की आपण धुतलं नाही तर ही तगमग वाढतच जाईल आणि आपण वेडे होऊ, त्यांच्या डोळ्यांसमोर ती आपोआप खाली आली. इतका मोलाचा शोध इतक्या कमी साधनांत फार थोड्यांना लागला असेल.

दुसरा प्रयोग १९७८ चा. ज्यांना कसलाही आजार नाही अशा माणसांना विचारलं, तुमच्या मनात नको ते विचार येतात का? सुमारे ८० टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं. पुलाच्या कठड्याशी उभं असताना उडी मारली तर? हातातल्या विळीने बाळाला लागलं तर? देवापुढे हात जोडलेले असताना मनात शिवी उमटली तर? हे विचार आणि रुग्णांचे विचार एकत्र करून जाणकारांपुढे ठेवले, तेव्हा कोणता कोणाचा हे सांगणं त्यांनाही जड गेलं. विचार तेच. निरोगी माणूस ‘काहीतरीच’ म्हणून पुढे जातो. मंत्रचळ झालेला माणूस तिथेच अडकतो. असा विचार आला म्हणजे आपण तसेच आहोत, आता काहीतरी करून तो पुसलाच पाहिजे, असं त्याला वाटतं.

पुढे १९८५ मध्ये डी सिल्वाने आणखी एक काम केलं. नको असलेले विचार कसे हाताळावेत याबद्दल पाली ग्रंथांत जे सांगितलं आहे, त्याची त्याने आधुनिक वर्तनोपचाराशी तुलना केली. ‘आपल्याकडे सगळं आधीच होतं’ अशी फुशारकी त्यात नाही. कुठे जुळतं आणि कुठे नाही हे तो शांतपणे दाखवतो. आपल्या भागात हे नाव माहीत असायला हवं होतं.

उपचाराची पायाभरणी मात्र त्याआधी, १९६६ मध्ये, लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मायर यांनी केली. तोवर मनोविश्लेषण, विजेचे झटके, मेंदूवरची शस्त्रक्रिया असं सगळं करून झालं होतं आणि मंत्रचळ बरा होत नाही असाच डॉक्टरांचा समज होता. मायर यांनी वेगळा विचार केला. हा माणूस प्रत्येक वेळी धुतो, म्हणून न धुतल्यास काय होतं हे त्याला कधी कळतच नाही. मग त्याला ते कळू द्यावं. रुग्णाच्या खोलीतला नळ बंद केला, दिवसभर परिचारिका सोबतीला ठेवल्या आणि जिची भीती वाटते ती वस्तू हळूहळू हातात दिली. परिचारिका जबरदस्ती करत नव्हत्या. गप्पा मारत होत्या, धीर देत होत्या, वेळ निभावून नेत होत्या. पुढे १९७४ पर्यंत असे १५ रुग्ण झाले. त्यातले १० खूप सुधारले, बाकीचेही काही अंशी, आणि काही वर्षांनी पाहिलं तर सुधारलेल्यांपैकी फक्त दोघांचा त्रास उलटला होता. हाच उपचार आज ‘ईआरपी’ म्हणून ओळखला जातो: भीतीला सामोरं जायचं आणि विधी करायचा नाही.

आता पत्रातल्या त्या ‘हो’बद्दल. निपाणी भागात उचल म्हणजे काय हे सांगायला नको. हंगामाआधी व्यापाऱ्याकडून पैसे उचलले की घरची नड भागते, त्या रात्री झोप लागते. पण मग माल त्याच्याच दारात घालावा लागतो, तो सांगेल त्या भावाने, आणि हिशेब फिटतो न फिटतो तोच पुढची उचल घ्यायची वेळ येते. हात धुणं ही तशी उचल आहे. भीतीची नड तेवढ्यापुरती भागते आणि पुढच्या वेळी भीती जास्त मागते. काल दोनदा धुऊन भागत होतं, आज दहादा. आईने ‘हो, स्वच्छ आहेत’ म्हणणं, वडिलांनी परसदारी जाणं, कुणीतरी कडी पुसणं, ही या उचलीला घराने दिलेली जामीनकी आहे. ती प्रेमापोटीच दिलेली असते. मंत्रचळ असलेल्या बहुतेक घरांत ती असते, आणि जितकी ती जास्त तितका आजार मुरलेला, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

याचा अर्थ आज संध्याकाळपासून सगळं बंद करा, असा मात्र नाही. साबण लपवणं, न्हाणीघराला कुलूप घालणं, ‘मन घट्ट कर’ म्हणून चार लोकांत बोलणं, हात उगारणं यांनी आजार वाढतो आणि मुलगा घराला पारखा होतो. उपचार करणाऱ्याबरोबर बसून, मुलगा शांत असताना, त्याच्या संमतीने ठरवायचं असतं. आधी पायऱ्या लिहून काढायच्या, सोपी सर्वांत खाली. या घरापुरत्या त्या अशा असू शकतील: वडिलांचा धुतलेला सदरा घडी करून ठेवायचा, मग त्यांचा वापरलेला टॉवेल हातात धरायचा, मग ते पुढच्या दाराने आत येतील आणि कडी कुणी पुसणार नाही, मग त्यांच्या शेजारी, कामावरच्या कपड्यांनिशी, कॉटवर बसायचं, आणि शेवटी वखारीत डबा पोचवायला जायचं, परत येऊन हात धुवायचे ते एकदाच, घरातली इतर माणसं धुतात तसे. प्रत्येक पायरीवर तगमग उतरेपर्यंत थांबायचं. तीच पायरी रोज करायची, कंटाळा येईपर्यंत. कंटाळा येणं ही इथे चांगली खूण आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तंबाखूची धूळ खरोखरच अपायकारक आहे आणि वखारीत राबणाऱ्या बायका-पुरुषांनी तोंड बांधून काम करावं, जेवणाआधी हात धुवावेत हे योग्यच. उपचार म्हणजे घाणीची सवय लावणं नव्हे. घरातल्या इतरांना जे पुरतं ते त्यालाही पुरायला लागलं की झालं.

आणि ‘स्वच्छ आहेत ना?’ आला की काय म्हणायचं? तेही आधीच ठरवावं. “हा प्रश्न आजार विचारतोय. मी त्याला उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.” दोन्ही वाक्यं लागतात. पहिलं नुसतं म्हटलं तर ते तुटक होतं. दुसरं नुसतं म्हटलं तर उचल चालूच राहते.

आपल्याच राज्यात, कर्नाटकात, याचा पडताळा घेतला गेला आहे. निम्हान्समध्ये मंत्रचळासाठी खास क्लिनिक आहे. तिथल्या उपासना बरुआ आणि सहकाऱ्यांनी औषधं चालू असलेल्या रुग्णांच्या घरच्यांना मोजक्या बैठकांत हेच शिकवलं आणि दुसऱ्या गटाला फक्त शिथिलीकरण शिकवलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात घरच्यांना शिकवलेल्या गटातले रुग्ण स्पष्टपणे जास्त सुधारले. आपल्या एकत्र कुटुंबांसाठी ही बातमी मोठी होती. पण ती गाजली नाही. मेंदूत तारा घालून विजेने आजार शमवण्याच्या शस्त्रक्रियेची बातमी मात्र पहिल्या पानावर येते. ती शस्त्रक्रिया खरी आहे, पण सगळे उपचार थकलेल्या अगदी थोड्यांसाठीच आहे. बाकी शेकडो घरांना आई-वडिलांच्या चार बैठका जास्त उपयोगी पडतील.

औषधांबद्दलही संकोच नको. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारख्या गोळ्या जुन्या, पारखलेल्या आणि जेनेरिक घेतल्या तर परवडणाऱ्या आहेत. नैराश्यात लागतो त्यापेक्षा इथे बहुधा जास्त डोस लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून गोळी सोडणारे आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच बंद करणारे, दोघंही अनेकदा पुन्हा मूळपदावर येतात. नुसत्या झोपेच्या-शांततेच्या गोळ्यांनी मंत्रचळ जात नाही. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या लुईस बॅक्स्टर यांनी रुग्णांच्या मेंदूची छायाचित्रं उपचारापूर्वी आणि नंतर घेतली. काहींना फ्लुओक्सेटिन दिलं होतं, काहींना फक्त वर्तनोपचार. सुधारलेल्या दोन्ही प्रकारच्या रुग्णांत मेंदूच्या आतल्या कॉडेट या भागातली जादा धावपळ कमी झालेली दिसली. मला तरी हा निष्कर्ष आजही थक्क करतो. टॉवेल हातात धरून तासभर बसून राहणं, हे मेंदूवरचंच काम आहे.

सीमाभागाची म्हणून एक अडचण आहे. देवाबद्दल मनात येणारा अभद्र विचार, स्वतःच्या लेकराला इजा करू की काय ही भीती, हे मराठी घरातला माणूस बाजारात चालणाऱ्या कामापुरत्या कन्नडमध्ये सांगू शकत नाही. ते ज्या भाषेत मनात येतं त्याच भाषेत बाहेर पडतं, तेही विश्वास बसल्यावर. कन्नड घरातल्या माणसाला कोल्हापूर-मिरजेत नेलं तर त्याचीही हीच कोंडी होते. तालुक्यातालुक्यांत मानसोपचार न्यायचा ‘जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम’ ज्या नमुन्यावर उभा आहे, तो १९८० च्या दशकात याच राज्यात, बळ्ळारीत घडला. त्याने गोळ्या गावापर्यंत आणल्या, हे मोठं काम आहे. पण ईआरपी शिकलेला आणि दोन्ही भाषा बोलणारा माणूस तालुक्याच्या दवाखान्यात बसवणं अजून बाकी आहे. बेळगावात मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्यासारख्या बोलणारी मुलंमुली मानसशास्त्र शिकतात. त्यांना हे प्रशिक्षण मिळावं, अशी मागणी दोन्ही भाषांच्या लोकांनी मिळून करावी.

तोवर, ताई, नवसाबरोबर दवाखानाही धरा. बेळगावात बिम्सचं सरकारी रुग्णालय आणि केएलईचं रुग्णालय आहे, तुम्हाला जवळ पडेल ते कोल्हापूरचं सीपीआर. धारवाडला १८४५ पासून मनोरुग्णालय आहे, त्याचीच आजची डिम्हान्स संस्था. कुठे जावं हे ठरत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. मुलगा जगण्याला कंटाळल्याचं बोलला तर मात्र त्याच दिवशी दवाखान्यात न्या, थांबू नका. परीक्षेच्या किंवा घरातल्या ताणाच्या दिवसांत त्रास पुन्हा डोकं वर काढेल, तेव्हा खालच्या पायरीपासून परत सुरुवात करायची. आणि डॉक्टरांना भेटाल तेव्हा गोळ्यांची चिठ्ठी घेऊन उठण्याआधी दोन प्रश्न नक्की विचारा: ईआरपी कोण शिकवेल, आणि त्या बैठकीला आम्ही दोघं नवरा-बायको कधी येऊ?