दिवाळीची भेट लेकरांना दसऱ्यालाच

ताई, तुमच्या घरात दिवाळीचं नवं कापड लेकराच्या हातात कधी पडतं? बहुतेक घरांत नरक चतुर्दशीच्या पहाटे, अंघोळ झाल्यावर. आणि ते आणलेलं असतं आदल्या रात्री. नवी पेठेत पाय ठेवायला जागा नसते, दुकानदाराला बोलायला वेळ नसतो, फ्रॉक खांद्यात सैल आहे हे घरी आल्यावर कळतं. बदलून आणायला दुसऱ्या दिवशी कोण जाणार? पोरगी तसाच घालते आणि आपण म्हणतो, "पुढच्या वर्षी बरोबर बसेल."

म्हणून या अंकात एवढंच सांगायचं आहे की लेकरांची भेट आधी आणा आणि आधीच देऊन टाका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी आणणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, पण आणलेलं पेटीत कुलूपबंद ठेवतात. लेकराला पत्ताच नसतो.

"आधी दिलं तर नवलाई जाते," असं सासूबाई म्हणतील. तसं होत नाही. आठ वर्षांच्या पोराला नवा शर्ट दाखवून, एकदा अंगाला लावून, घडी करून त्याच्याच कप्प्यात ठेवून बघा. रोज शाळेतून आल्यावर तो घडी उघडून बघेल, मित्राला बोलावून दाखवेल, किती दिवस राहिले ते बोटांवर मोजेल. घालायचा तो अभ्यंगस्नानानंतरच, ही रीत मोडायची गरज नाही. सणाच्या दिवशी मिळालेल्या वस्तूचा आनंद एका सकाळीचा असतो, आधी मिळालेल्या वस्तूचा पंधरा दिवसांचा. पैसे तेवढेच. आपल्यालाही तो आनंद बघायला मिळतो, कारण ऐन दिवाळीत आपण चकलीच्या घाण्यापुढे बसलेल्या असतो.

काही वस्तू तर उशिरा दिल्या की वायाच जातात. किल्ल्याचंच घ्या. मातीचे मावळे आणि सिंहासनावरचे शिवाजी महाराज लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरात आले तर पोरांनी किल्ला बांधायचा कधी? दगड-विटा गोळा करायला एक दिवस, चिखल लिंपायला एक, तो वाळायला एक-दोन. मग वरून अळीव किंवा मोहरी पेरायची. अळीव दोन-तीन दिवसांत मोड काढतो, पण गडावर हिरवळ दिसायला आठवडा लागतो. म्हणजे वसुबारसेला किल्ला हिरवागार हवा असेल तर चित्रं त्याच्या दहा-अकरा दिवस आधी पोरांच्या हातात हवीत. रंगपेटी, गोष्टीचं पुस्तक यांचंही तेच. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, त्याचा दिवाळी अंकही असतो. असं काही सुट्टी लागायच्या दिवशी हातात पडलं तर सुट्टीभर पुरतं. फटाके मात्र आधी आणून घरात ठेवू नका. चूल आणि गॅस असलेल्या घरात ते नकोतच, आणायचेच तर त्या दिवशी आणि मोजके.

आता ज्यांच्यासाठी हा लेख खरं तर लिहिला आहे, त्या बायांकडे वळू. मंगळवेढा, सांगोला भागातून दरवर्षी कोयत्याला जाणाऱ्या घरांमध्ये आपल्या गटातल्या बायकाही आहेत. या घरांत दिवाळी कॅलेंडरप्रमाणे येत नाही, मुकादमाच्या गाडीप्रमाणे येते. २०२३ साली राज्याचा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला आणि लक्ष्मीपूजन होतं १२ नोव्हेंबरला. टोळ्या त्याआधीच निघालेल्या. त्या वर्षी श्रावणात अधिक महिना होता. असा महिना आला की पुढचे सण पुढे सरकतात, कारखाने मात्र थांबत नाहीत. २०२५ मध्ये उलट झालं, लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आणि गाळप १ नोव्हेंबरपासून. २०२६ साली जेठात अधिक महिना, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. म्हणजे पुन्हा तोच पेच.

अशा वर्षी लेकरू आजीजवळ राहतं आणि आईबाप कोपीवर. "दिवाळीला पैसे पाठवते, आजी कापड घेईल," असं सांगून निघायचं आणि आजीला तालुक्याला जायला सोबत मिळत नाही. पैसे किराण्यात जातात. यात आजीचा दोष नाही. पण लेकराला कळतं ते एवढंच, की शेजारच्याला नवं आलं आणि मला नाही. त्यापेक्षा निघायच्या आधी, दसऱ्याला सोनं वाटताना, तुमच्या हातानं द्या. माप तुम्ही बघा, बटण तुम्ही लावा. आईनं दिलं हे लेकराच्या लक्षात राहतं. लेकरं सोबत नेणार असाल तरीही गावातच द्या, कारण फडावर बाजार कुठला आणि सुट्टी कुठली? (जमत असेल तर मात्र लेकराला गावातच ठेवा आणि शाळेत हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. त्यावर वेगळं लिहू.)

"दसऱ्याला पैसा कुठून आणायचा?" हा प्रश्न खरा आहे. उचल मिळालेली असते, पण उचलीतला प्रत्येक रुपया पुढे कोयत्यानं फेडायचा असतो. गटातून २,००० रुपये शेकडा २ नं घेतले तर महिन्याला ४० रुपये व्याज. जड नाही, पण कापडासाठी कर्ज कशाला? आषाढी एकादशी ते दसरा हे एरवी तीन महिने, म्हणजे साधारण बारा आठवडे. आठवड्याला ४० रुपये बाजूला टाकले तर ४८० होतात. एका लेकराचं साधं कापड आणि किल्ल्याची चार चित्रं यात बसू शकतात. दोन लेकरं असतील तर चैत्रापासून सुरू करा. ही रक्कम नेहमीच्या बचतीत मिसळू नका, नाहीतर ती कर्जवाटपात जाते आणि दसऱ्याला हातात येत नाही.

काही गटांना एकत्र खरेदीही जमेल. दहा बायकांची वीस लेकरं असतील, तर दोघीजणी मापं लिहून घेऊन दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात सोलापूरला जाऊ शकतात. तेव्हा गर्दी कमी असते आणि वीस नग म्हटल्यावर भाव करता येतो. बिलावर "माप न बसल्यास बदलून मिळेल" असं लिहून घ्या. माप घेताना वयावर जाऊ नका, जुना बसणारा शर्टच सोबत न्या. उंचीत दोन बोटं वाढीव चालेल, खांद्यात नको. गटात एखादी शिवणकाम करणारी असेल तर दुरुस्तीचं काम तिलाच द्या, आणि तिचे पैसे त्याच दिवशी द्या. दिवाळीत तिच्याही घरी लेकरं आहेत.

आषाढीनंतरच्या पहिल्या बैठकीत वहीला एक वेगळं पान करा. डावीकडे लेकराचं नाव, पुढे आठवड्याची रक्कम, शेवटच्या रकान्यात माप. जी ताई दसऱ्याआधी कोयत्याला निघणार तिचं नाव सगळ्यात वर लिहा आणि तिचे पैसे आठ दिवस आधी मोकळे करा.