लेक्चर संपल्यावर सर कुठे जातात?

शिबिर, पेपर सेटिंग, अभ्यास मंडळ, गावातल्या शाळा... वेळापत्रकात न दिसणारं प्राध्यापकांचं हे काम नेमकं काय असतं? आणि आता तुमच्या मार्कशीटवरही त्याचे क्रेडिट्स येतात म्हटल्यावर, ते समजून घ्यायला नको?

प्रत्येक कॉलेजात असे एक सर किंवा मॅडम असतातच. डिसेंबर-जानेवारी आला, की त्यांचा फोन सतत एंगेज लागतो. सरपंचांशी बोलणं, झेडपीच्या शाळेच्या खोल्या मिळवणं, आचारी ठरवणं, घमेली आणि फावडी गोळा करणं, मुलींच्या घरी फोन करून ‘मी स्वतः आहे, काळजी करू नका’ असं सांगणं. मग सात दिवस ते तुमच्याबरोबर सतरंजीवर झोपतात, पहाटे प्रभातफेरीला उठवतात आणि रात्री कुणाचा ताप उतरला की नाही ते बघत फिरतात. सोमवारी परत वर्गात येऊन ‘मागच्या तासाला आपण कुठे होतो?’ असं विचारतात, जणू काही झालंच नाही!

आपण म्हणतो, सरांना हौस आहे. असेलही. पण ही नुसती हौस नाही. प्राध्यापकाच्या कामाचा तो एक भाग आहे. शिकवणं, संशोधन आणि विस्तारकार्य म्हणजे कॉलेजच्या भिंतीबाहेरचं काम, असे त्या नोकरीचे तीन पाय. पहिला आपल्याला रोज दिसतो. दुसऱ्यावर पगार आणि प्रमोशन बरंचसं अवलंबून असतं. तिसरा मात्र बहुतेक वेळा फक्त फोटोत दिसतो.

शंभर मुलं, एक सर

एनएसएसचंच बघा. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी राष्ट्रीय सेवा योजना 37 विद्यापीठांत सुरू झाली. ‘नॉट मी, बट यू’ हे तिचं ब्रीद तुम्हाला पाठ असेल. बॅजवरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथाचं आहे, हेही उद्घाटनाच्या भाषणात दरवर्षी ऐकलं असेल. पण हिशेब कधी मांडलाय? एका युनिटला साधारण शंभर स्वयंसेवक. त्यांनी वर्षाला 120 तास, म्हणजे दोन वर्षांत 240 तास काम करायचं, शिवाय सात दिवसांचं विशेष शिबिर. आणि या सगळ्यांवर कार्यक्रम अधिकारी एकच! तो त्याच कॉलेजातला शिक्षक, स्वतःची लेक्चर्स आणि पेपर तपासणी सांभाळून हे करणारा.

तुमचे 120 तास नोंदले जातात. त्याचे किती होतात, हे मोजायला कुणी बसत नाही.

हे झालं समाजासाठीचं काम. व्यवसायासाठीचं काम आणखी अदृश्य. तुमचा सिलॅबस आकाशातून पडत नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर वेगवेगळ्या कॉलेजांतले प्राध्यापक बसतात, वाद घालतात, तेव्हा तो ठरतो. कुणी पेपर काढतं, कुणी मॉडरेशन करतं. कुणाच्या टेबलावर दुसऱ्या कुणाचा शोधनिबंध परीक्षणासाठी येऊन पडलेला असतो. तो नीट वाचून शेरे लिहायचे, आणि निबंध छापून आला तरी परीक्षकाचं नाव सहसा कुठेच येत नाही. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली निघाला. त्यातली कुठलीही नोंद उघडा आणि शेवटी बघा, लिहिणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात असतं. त्यातले कितीतरी जण कॉलेजातले प्राध्यापक होते. भौतिकशास्त्र असो की मानसशास्त्र, त्या विषयांना नेटके मराठी शब्द मिळाले, त्यामागे अशा लोकांच्या संध्याकाळी आहेत.

कर्वे रोडवरून जाताना

पुण्यात शिकत असाल तर कर्वे रोडवरच्या ट्रॅफिकमध्ये तुम्ही रोज अडकता. ज्यांचं नाव त्या रस्त्याला आहे, ते गणिताचे प्राध्यापक होते. धोंडो केशव कर्वे 1891 मध्ये फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला आले आणि 1914 पर्यंत तिथे होते. याच काळात, 1896 मध्ये, त्यांनी विधवा स्त्रियांसाठी आश्रम सुरू केला. 1900 मध्ये तो गावाबाहेर हिंगण्याला गेला, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या बाजूला. तेव्हा तिथे माळरान आणि एक झोपडी. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं आणि काम संपलं की हिंगण्याची पायवाट धरायची. जाऊन-येऊन कित्येक मैल, पावसातसुद्धा. 1916 मध्ये त्याच धडपडीतून महिला विद्यापीठ उभं राहिलं, तेच आजचं एसएनडीटी.

कर्वे पगार गणिताचा घेत होते. पण समाज त्यांना ओळखतो तो लेक्चर संपल्यानंतरच्या चालण्यामुळे. 1958 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. मधली साठ वर्षं काय मिळत होतं? आश्रम सुरू केला तेव्हा बहिष्कार, वर्गणीसाठी दारोदार फिरणं आणि लोकांचे टोमणे.

शिकवायला गेले आणि शिकून आले

दुसरी गोष्ट होशंगाबादची. मध्य प्रदेशातला नर्मदेकाठचा जिल्हा, आज त्याला नर्मदापुरम म्हणतात. 1972 मध्ये तिथल्या 16 माध्यमिक शाळांमध्ये एक वेगळाच प्रयोग सुरू झाला. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ करायचं नाही, हाताने करून बघायचं. ‘किशोर भारती’ आणि ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी तो हाती घेतला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले वैज्ञानिक त्यात होते आणि लगेच दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापकही आले.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. एमएस्सीच्या वर्गाला क्वांटम मेकॅनिक्स शिकवणारे लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी न जाता गावातल्या गुरुजींबरोबर जमिनीवर बसलेत. समोर भिंग, सुतळी, रिकाम्या बाटल्या, बिया. गुरुजी विचारतात, ‘असं का होतं?’ आणि प्रोफेसरांना लगेच उत्तर देता येत नाही.

इथे खरी गंमत आहे. या मंडळींनी दिल्लीत बसून पुस्तक लिहून पाठवलं असतं, तर ते कपाटात राहिलं असतं. पण ‘बाल वैज्ञानिक’ हे पुस्तक शाळांमध्ये वापरून बघितलं गेलं. शिक्षक दर महिन्याला बैठकीला येऊन सांगायचे, हा प्रयोग आमच्याकडे जमत नाही, हा प्रश्न मुलांना कळत नाही. मग धडा बदलायचा. परीक्षासुद्धा बदलली. पुस्तक उघडून लिहायचं आणि प्रयोगही करून दाखवायचा. मुलांच्या शंकांना उत्तर द्यायला ‘सवालीराम’ नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्रं लिहायची आणि पडद्यामागची माणसं उत्तरं पाठवायची.

1978 मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पसरला. 1982 मध्ये त्यातूनच ‘एकलव्य’ ही संस्था उभी राहिली. विनोद रैना दिल्ली विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायचे, त्यांनी नोकरी सोडून स्वतःला या कामाला वाहून घेतलं. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या घडणीतही त्यांचा मोठा वाटा होता.

आणि शेवट? 2002 मध्ये राज्य सरकारने कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचं काम एका आदेशाने थांबलं. सगळ्या सेवेच्या गोष्टी हार-तुऱ्यांनी संपत नाहीत, हेही आपल्याला माहीत असायला हवं. पण ती पुस्तकं, तिथे तयार झालेले शिक्षक आणि ‘करून बघा’ ही सवय बंद करता आली नाही.

खड्डा तोच, रोप नवं

आता थोडं कडू. तुम्हीही हा विनोद ऐकला असेल: कॉलेजात दरवर्षी झाडं लावतात, खड्डा मात्र तोच असतो! बॅनर धरून फोटो, फोटोवर लोकेशन आणि तारीख, मग अहवाल, मग नॅकच्या फाइलमध्ये एक पान. विस्तारकार्याचा पुरावा लागतो, म्हणून कार्यक्रम. काम झालं म्हणून पुरावा, हा क्रम कधी उलटा झाला ते कळलंच नाही.

यात सगळा दोष सरांचा आहे का? 2010 च्या नियमांनी यूजीसीने प्राध्यापकांच्या प्रत्येक कामाला गुण लावले. सेवेलाही तेव्हा गुण मिळू लागले हे चांगलंच, निदान काम आहे हे मान्य झालं. पण ज्याला गुण असतात ते गुणांपुरतंच करण्याचा मोह होतो. तुम्ही नाही का इंटर्नल्सपुरती असाइनमेंट कॉपी करत?

आणि एक गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही. शिबिरात रात्रभर जागणारे ते सर कदाचित सीएचबीवर असतात, म्हणजे घेतील तेवढ्या तासांचेच पैसे. ज्या आठवड्यात ते तुमच्याबरोबर बंधाऱ्यावर पोती भरत होते, त्या आठवड्यात त्यांचे वर्गातले तास झालेच नाहीत. सेवा त्यांनी अक्षरशः खिशातून केली. तरीही केली, कारण ‘नाही’ म्हटलं तर पुढच्या वर्षी बोलावतील का, ही धास्ती असते. याला सेवा म्हणायचं की सक्ती, याचा विचार कॉलेजांनी करायला हवा. तुम्हीही करा, कारण तुमच्यातले काही जण उद्या नेट-सेट देऊन याच रांगेत उभे राहणार आहात.

आता तुमची पाळी

नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा प्रश्न तुमच्या दारात आलाय. सीईपी म्हणजे कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट, फील्ड प्रोजेक्ट आणि को-करिक्युलर, या सगळ्यांना आता क्रेडिट्स आहेत. वस्तीत जायचं, माहिती गोळा करायची, अहवाल द्यायचा. गेल्या वर्षीच्या सीनियरची पीडीएफ तुमच्या ग्रुपवर येऊनही पडली असेल. नाव बदललं, तारीख बदलली, झालं.

ते करण्याआधी एवढंच करून बघा. तुमच्या मार्गदर्शक सरांना किंवा मॅडमना विचारा, ‘या गावात तुम्ही आधी कधी गेला होतात? तेव्हा काय जमलं नव्हतं?’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच फाइलमध्ये नसतं. दुसरं, सर्व्हे करून आलात की निष्कर्ष परत घेऊन जा. ज्या बाईंनी तुमच्या पंचवीस प्रश्नांची उत्तरं देताना भाकरी करपू दिली, त्यांना त्या आकड्यांतून काय निघालं हे कळायला नको? आणि तिसरं, शिबिर संपल्यावर पावसाळ्यानंतर एकदा फेरी मारा. तुम्ही बांधलेला वनराई बंधारा टिकला की वाहून गेला, ते बघा. वाहून गेला असेल तर तसं अहवालात लिहा. होशंगाबादचं पुस्तक सुधारलं, ते ‘जमत नाही’ असं कुणीतरी खरं सांगितलं म्हणूनच.

आणि हो, सातव्या दिवशी सामान आवरताना घमेली मोजायला सर एकटेच थांबलेले असतात. बस पाच मिनिटं उशिरा निघाली तरी चालेल. त्यांच्याबरोबर थांबा.