करंट आहे, पण ओढ नाही

पुणे–सोलापूर लोहमार्गावर पारेवाडीच्या पुढे जेऊर येतं. करमाळ्याला जाणारी माणसं इथेच उतरतात. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे फुगत आलं आणि तालुक्याच्या या बाजूला ऊस आणि केळी उभी राहिली. माल वाढला, तशी तो शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत आणणाऱ्या वाहनांचीही गरज वाढली. मोठ्या खेपेला ट्रॅक्टर आहेच. पण दोन गोणी खत, पाण्यातली मोटार किंवा दुधाचे कॅन न्यायचे तर तीनचाकी बरी पडते.

काळ्या रानात मात्र तीनचाकी चालवणं सोपं नाही. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दोन, हिची चाकं तीन. मागची दोन चाकं चाकोरीत बसली तरी पुढचं चाक मधल्या उंचवट्यावर गवत तुडवत, ढेकळांवर आपटत जातं. म्हणजे हँडल, त्याखालच्या वायरी आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्या यांना दिवसभर हिसके बसतात. पुढच्या गोष्टीत हे हिसके महत्त्वाचे आहेत.

महाराष्ट्राला तीनचाकीची सवय जुनी. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी राहिली आणि हॅम्बुर्गच्या विडाल कंपनीच्या सहकार्याने ‘हॅन्सिएट’ ही तीनचाकी इथे बनू लागली. इंजिन पुढे, आणि ताकदही पुढच्या एकट्या चाकालाच. दुसरीकडे बजाज ऑटोने पियाज्जिओच्या परवान्यावर रिक्षा काढल्या. त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं १४५.४५ सीसी हे माप जुन्या मिस्त्र्यांना अजून तोंडपाठ असतं. मागे इंजिन असलेली रिक्षा १९७७ ची.

मुद्दाम रानात हुंदडण्यासाठीच बनवलेली तीनचाकी मात्र जपानची. होंडाने १९७० साली फुग्यासारख्या टायरांची, स्प्रिंग नसलेली छोटी गाडी अमेरिकेत विकायला काढली आणि पुढे ती एटीसी या नावाने गाजली. ती उलटून इतके अपघात झाले की १९८८ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या करारानंतर कंपन्यांनी तिथे तीनचाकी विकणं थांबवलं. आज ती तिकडच्या हौशी लोकांकडे दिसते. तिची दुखणी आणि आपल्या जुन्या रिक्षाची दुखणी यांत फारसा फरक नाही, कारण ठिणगी पाडायची रीत दोघींची मुळात एकच आहे.

अशी जुनी तीनचाकी गॅरेजात आली की तक्रार ठरलेली असते. “मिस्त्री, परवा वायरिंग करून घेतलं. लाइट झकास लागतीया, पण गाडी वढंना झालीया.” यावर नव्वद टक्के गॅरेजात पहिला हात कार्बोरेटरला जातो, आणि माझ्या मते तिथेच घोळाला सुरुवात होते. वायरिंगआधी गाडी ओढत होती आणि नंतर ओढेनाशी झाली, तर वायरमनचे हात जिथे जिथे लागले ती ठिकाणं आधी तपासावीत. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवला की जुन्या बिघाडात नवा मिसळतो, आणि मग कुठला कुणाचा ते कळत नाही.

वायरमन म्हणेल, “मी फक्त लाइटची कॉइल बदलली, इंजिनाला हातच लावला नाही.” तो खोटं बोलत नाही. पण मॅग्नेटोच्या गाडीत लाइटची कॉइल आणि प्लगला करंट देणारी कॉइल एकाच गोल प्लेटवर बसलेल्या असतात. वर फिरणारा जड मॅग्नेट, आत ही प्लेट. प्लेटचे स्क्रू आडव्या खाचांत असतात, म्हणजे ती दोन्ही बाजूंना थोडी सरकते. काढण्याआधी छिन्नीने खूण केली नसेल, तर परत बसवताना ती अंदाजानेच बसते, आणि टायमिंग हलतं.

हलतं म्हणजे किती? टू-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला एक ठिणगी पडते. मिनिटाला ५००० फेरे धरले तर सेकंदाला सुमारे ८३ ठिणग्या झाल्या, आणि फेऱ्याच्या एका अंशाला सेकंदाचा तीस हजारावा भाग मिळतो. पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या साधारण वीस-पंचवीस अंश आधी ठिणगी पडायला हवी. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. ती उशिरा पडली तर पेट्रोल जळतं, पण पिस्टन खाली निघून गेल्यावर. जोर सायलेन्सरमधून वाया जातो, इंजिन तापतं, चढाला दुसरा गिअर टाकावा लागतो. फार लवकर पडली तर स्टार्ट करतानाच हाताच्या लिव्हरला उलटा हिसका बसतो. या हिसक्याने मनगट दुखावलेले रिक्षावाले पूर्वी बरेच असत. अशीच पळवत राहिलं तर पुढे पिस्टनला भोक पडतं.

प्लेट बरोबर असेल तर मॅग्नेटची की बघावी. क्रँकच्या टोकावरची ही अर्धचंद्राकृती चावी मॅग्नेटला जागेवर धरते. नट पुरेसा आवळला नाही तर मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर किंचित घसरतो आणि की अर्धी कातरली जाते. गाडी सुरू होते, चालते, फक्त ओढत नाही. बाहेरून काही दिसत नाही. मॅग्नेट पुलरने काढूनच बघावं लागतं. पुलर नाही म्हणून हातोडीने ठोकणारा भेटला, तर गाडी तिथून ढकलत न्यावी.

पॉइंटची, म्हणजे उघडताना ठिणगी पाडणाऱ्या संपर्काची, भानगड आणखी चिवट. नवे पॉइंट बसवले, फिलर गेजने ०.४ मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवलं, गाडी पहिल्या दिवशी हरणासारखी पळाली आणि आठवड्यात बसली. कारण पॉइंटची टाच कॅमवर घासते. तिथल्या फेल्टला तेलाचे दोन थेंब दिले नाहीत, तर ती भराभर झिजते, अंतर मिटत जातं आणि ठिणगी दर दिवशी थोडी उशिरा पडू लागते. अंतर वाढलं तर उलट, लवकर. मालक पेट्रोलला शिव्या देत राहतो. पॉइंट केव्हा उघडतात हे पाहायला सिगारेटचा पातळ कागद पुरतो: पॉइंटमध्ये धरून मॅग्नेट हळूहळू फिरवावा, कागद सुटला तो क्षण टायमिंगचा. पॉइंटवर निळी ठिणगी उडत असेल आणि त्यांचं तोंड लवकर जळत असेल तर कंडेन्सर बदलावा. थंड असताना ठीक आणि तापल्यावर मिस मारणारी गाडी बहुधा कंडेन्सरची किंवा एचटी कॉइलची असते.

आता सुरुवातीला सांगितलेल्या, रानातल्या त्या हिसक्यांकडे. मॅग्नेटोच्या गाडीत बंद करण्याचं बटण करंट तोडत नाही, तो बॉडीला अर्थ करून मारतं. त्यासाठी एक वायर मॅग्नेटोपासून थेट हँडलपर्यंत जाते. नवं वायरिंग करताना ती हँडलच्या कोपऱ्यात घट्ट ओढून बांधली, तर दर वळणाला तिचं इन्सुलेशन पत्र्यावर घासतं. डांबरीवर गाडी ठीक. बांधावरून उतरताना किंवा हँडल एका बाजूला तोडलं की मिस मारते. तपास सोपा आहे: मॅग्नेटोजवळ ती वायर सोडवून ठेवायची आणि त्याच वाटेवर गाडी पळवायची. दुखणं गेलं, तर कार्बोरेटर निर्दोष. मात्र मग गाडी बटणाने बंद होणार नाही. चोक ओढून किंवा गिअरमध्ये ब्रेक दाबून बंद करावी लागेल, हे आधी लक्षात ठेवावं. रंगकाम झालं असेल तर बॉडीचा अर्थही तपासावा. रबरी बुशांवर बसलेल्या इंजिनाला अर्थची पट्टी लागते आणि ती पट्टी रंगावर आवळली तर नसल्यासारखीच.

पॉइंटऐवजी सीडीआय ही इलेक्ट्रॉनिक डबी असलेल्या गाडीत घासायला काही नाही, पण फसवायला बरंच आहे. बदललेली डबी दिसायला तीच, प्लगही तोच, ठिणगी पडते, पण वेग वाढेल तसं टायमिंग पुढे सरकवण्याची तिची रीत वेगळी असते. पिकअप कॉइलच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी काही गाड्यांत ठिणगी पडतेच, फक्त भलत्या अंशावर. म्हणून डबी घेताना जुनीचा क्रमांक जुळवावा, दुकानदाराच्या “चालून जाईल”वर जाऊ नये.

सगळ्यात लबाड दोष मात्र विजेचा नाही, विजेच्या कामातून आलेला आहे. मॅग्नेटोच्या प्लेटमागे क्रँकचं ऑइल सील असतं. टू-स्ट्रोक इंजिन क्रँककेसमधूनच श्वास घेतं. तिथून बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, रेस सोडल्यावरही इंजिन काही क्षण वरच राहतं, लोड आला की दम तुटतो. जुनं, कडक झालेलं सील ठोकाठोकीत दुखावतं. प्लेट तेलकट ओली आणि प्लग पांढुरका दिसला की संशय पक्का. इथे टायमिंग कितीही लावा, ओढ येणार नाही. उलट तशीच पळवली तर पिस्टन चिकटतो.

एवढं बघून झालं की मग पेट्रोलकडे वळावं, कारण वायरिंगसाठी गाडी महिनाभर उभी राहिलेली असते. तेवढ्यात जेटमध्ये डिंक साठतो, टाकीच्या झाकणाचं भोक बुजतं, क्वचित कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर बांधून ठेवते. झाकण सैल करून गाडी पळाली तर पाचशेचं काम फुकटात झालं.

शेवटची चाचणी रिकाम्या गाडीवर घेऊ नये. रिकामी तीनचाकी उशिराच्या टायमिंगवरही पळते. चार पोती टाकावीत, कच्च्या वाटेने चढ घ्यावा, परत येऊन लगेच प्लग काढून पाहावा. तो चहासारखा तपकिरी असेल तर प्लेटवर छिन्नीने खूण करून मगच मॅग्नेटचं झाकण लावावं.