रस्त्याची वांटणी

पुण्याच्या रस्त्यांविषयीं बोलणें निघालें कीं दहांपैकीं नऊ माणसें एकच निदान सांगतात. रस्ते अरुंद आहेत, ते रुंद केले पाहिजेत! हें निदान इतकें सर्वमान्य झालें आहे कीं, तें तपासून पाहण्याची कोणास जरूर वाटत नाहीं. वस्तुतः ज्या भागांतील कोंडीविषयीं आज सर्वांत अधिक ओरड होते, ते भाग जुन्या पेठांतील नव्हेत. वाकड, हिंजवडी, खराडी, वाघोली येथील प्रमुख रस्ते लक्ष्मी रस्त्याहून कितीतरी रुंद आहेत. आणि संध्याकाळीं कचेऱ्या सुटल्या म्हणजे मोटारींच्या न संपणाऱ्या रांगा लागतात त्या तेथेंच. तेव्हां नुसत्या रुंदीनें हा प्रश्न सुटत नाहीं, एवढें तरी मान्य करावें लागतें. रस्ता केवढा आहे ह्याहून त्याची वांटणी कशी झाली आहे, ही गोष्ट पुष्कळदां अधिक महत्त्वाची ठरते.

पेन्शनरांचें आणि सायकलींचें शहर ही पुण्याची जुनी ओळख आतां बोलण्यापुरतीच उरली आहे. १९५१ सालच्या शिरगणतींत पुण्याची वस्ती पांच लाखांच्या आसपास होती; २०११ सालीं महापालिकेच्या हद्दींत ३१ लाखांहून अधिक माणसें मोजलीं गेलीं. हिंजवडीच्या संगणक-उद्योगानें देशभरांतून तरुण मंडळी आणली, कोरेगांव पार्कांत नव्या धर्तीचीं उपाहारगृहें निघालीं, आणि पुण्यास राहणें ही एक हौसेची गोष्ट झाली. माणसांबरोबर वाहनेंही आलीं. २०१८ च्या सुमारास पुण्यांत नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली व ती शहरांतील माणसांच्या संख्येहून अधिक भरली. नकाशे तयार करणाऱ्या टॉमटॉम ह्या डच कंपनीनें २०२४ सालासाठीं जगांतील शहरांची जी पाहणी केली, तींत पुण्यांत दहा किलोमीटर अंतर तोडण्यास सरासरीनें ३३ मिनिटांहून अधिक वेळ लागतो असें आढळलें, आणि मंद वाहतुकीच्या त्या यादींत पुणें जगांत चौथें आलें. हा वेग तासाला अठरा किलोमीटरांचा झाला. बरा सायकलस्वार तेवढ्या वेळांत तेवढेंच अंतर सहज तोडतो, हें सायकलींच्या जुन्या शहरानें लक्षांत घेण्यासारखें आहे.

कसबा, शनिवार, सदाशिव, नारायण ह्या पेठा वसल्या त्या काळीं रस्त्यावर माणूस, घोडा, पालखी आणि बैलगाडी ह्यांहून मोठें कांहीं नव्हतें. रस्ते अरुंद राहिले खरे, पण ते एकमेकांस मिळालेले राहिले. आळींतून बोळांत, बोळांतून चौकांत, चौकांतून दुसऱ्या आळींत असें तें जाळें आहे. गणपती-विसर्जनाच्या दिवशीं प्रमुख रस्ते मिरवणुकींनीं भरून गेले असतांही पेठेंतील माणूस बोळाबोळांनीं घरीं पोंचतोच. एक वाट बुजली तर दुसरी असते, आणि गर्दी एका जागीं न सांचतां पसरते.

नव्या उपनगरांची ठेवण नेमकी उलट आहे. तेथें एकेका शेतकऱ्याची जमीन एकेका बांधकाम-व्यावसायिकानें घेतली, तिच्याभोंवतीं भिंत घातली, दारावर पहारेकरी बसविला आणि आंत इमारती उठविल्या. प्रत्येक सोसायटीची वाट तेवढी बाहेरच्या मोठ्या रस्त्यास मिळते. शेजारच्या सोसायटीस मिळत नाहीं. झाडाच्या एका डहाळीवरून दुसऱ्या डहाळीवर जाणाऱ्या मुंगीस जसें खोडावर यावें लागतें, तसें येथील माणसास भिंतीपलीकडील दुकानांतून दूध आणावयाचें तरी हमरस्ता गांठावा लागतो. जें अंतर पायीं दोन मिनिटांचें, तें मोटारीनें एक किलोमीटराचें होतें; मग माणूस मोटारच काढतो. असा हमरस्ता कितीही रुंद केला तरी त्यावर सर्व वस्तीचा भार एकाच वेळीं पडणार, हें उघड आहे.

ह्यावरचा उपाय कांहीं नवा शोधावयाचा नाहीं. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५ सालीं झाला. त्याची रीत अशी कीं, एका भागांतील सर्व जमिनी प्रथम एकत्र धरावयाच्या, त्यांवर रस्ते, बागा, शाळा ह्यांच्या जागा आखावयाच्या, आणि उरलेल्या जमिनीचे नीट आकाराचे तुकडे पाडून ते मूळच्या मालकांस त्यांच्या हिश्श्याप्रमाणें परत द्यावयाचे. प्रत्येकाची थोडी जमीन जाते, पण उरलेलीस रस्ता मिळून तिचा भाव वाढतो. आजचें शिवाजीनगर, म्हणजे त्या वेळचें भांबुर्डें, ह्याच पद्धतीनें आखलें गेलें. तेथील पत्त्यांत अद्याप आढळणारे ‘फायनल प्लॉट’ हे शब्द त्या वांटपाची खूण आहेत. पुढें हडपसरजवळ मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनीं आपण होऊन सुमारें ४०० एकर जमीन एकत्र केली आणि तींत आधीं रस्ते आखून मग वस्ती उभारली. परंतु हे अपवाद होत. १९९७ सालीं २३ गांवें, २०१७ सालीं ११ गांवें आणि २०२१ सालीं आणखी २३ गांवें महापालिकेच्या हद्दींत आलीं, त्यांपैकीं पुष्कळ ठिकाणीं घरें आधीं उभीं राहिलीं आणि नकाशावरची रस्त्याची रेघ मागाहून आली. ती रेघ जेव्हां उतरवावी तेव्हां कोणाचें तरी अंगण किंवा कोणाची तरी भिंत आड येते.

आतां प्रत्यक्ष एका रस्त्याकडे वळावें. समजा, त्याची रुंदी इमारतीपासून इमारतीपर्यंत २४ मीटर आहे. कागदावर ही जागा पुष्कळ झाली. पण दोन्ही कडांस उभ्या मोटारींची एकेक रांग असते. तिनें दोन-अडीच मीटर ह्या बाजूचे आणि तितकेच त्या बाजूचे घेतले. कोठें रिक्षांचा तळ, कोठें भाजीची हातगाडी, कोठें विजेचा डबा, कोठें बसथांबा. आणि उरलेल्या वेड्यावांकड्या पट्टीवर चालतीं वाहनें. ही पट्टी एके ठिकाणीं तीन मोटारींपुरती, पुढें दोन, आणि त्यापुढें पुन्हां तीन. येथें एक साधा नियम लागू पडतो. सुरईचें पोट कितीही मोठें असलें तरी पाणी पडतें तें तिच्या मानेएवढ्याच धारेनें. तसा रस्ता किती वाहनें पुढें नेईल, हें त्याच्या सर्वांत रुंद जागेवर ठरत नसून सर्वांत अरुंद जागेवर ठरतें. मधल्या रुंद भागाचा उपयोग एवढाच कीं, तेथें मोटारी एकमेकींच्या पुढें घुसतात आणि पुढच्या अरुंद जागीं अडकतात. म्हणून रस्त्याची रचना करणारे तज्ज्ञ सांगतात कीं, वाहनांचा मार्ग आरंभापासून शेवटापर्यंत एकाच रुंदीचा ठेवावा, आणि जी अधिक जागा ठिकठिकाणीं उरेल ती पदपथास, बसथांब्यास, झाडांस व मोटारी उभ्या करण्याच्या चौकटींस द्यावी. ह्यांत वाहनांचें कांहीं जात नाहीं. जी जागा त्यांच्या उपयोगीच नव्हती, ती दुसऱ्यांच्या उपयोगीं पडते.

ह्या वांटणींत कोणास किती द्यावें, ह्याचा हिशेब वाहनांच्या संख्येवर न करतां माणसांच्या संख्येवर केला तर उत्तर फारच निराळें येतें. अमेरिकेंतील शहर-वाहतूक अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघाचा अंदाज असा आहे: तीन मीटर रुंदीच्या एका पट्टीवरून खाजगी मोटारींनीं तासाला ६०० ते १,६०० माणसें जातात, तीच पट्टी केवळ बसगाड्यांसाठीं राखली तर ४,००० ते ८,००० जातात, आणि नुसती चालण्यासाठीं ठेवली तर सुमारें ९,०००. ज्यास आपण रस्त्याची कडा म्हणून सोडून देतों, तो भाग माणसें वाहून नेण्यांत मधल्या भागाहून सरस आहे!

परंतु चालणाऱ्याच्या वांट्यास प्रत्यक्षांत काय येतें? इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणें पदपथावर निदान १.८ मीटर जागा पूर्णपणें मोकळी हवी, म्हणजे दोन चाकांच्या खुर्च्या समोरासमोर आल्या तरी अडू नयेत. आणि त्याची उंची १५ सेंटिमीटरांहून अधिक नसावी. पुण्यांतील कित्येक पदपथ ह्याहून उंच आहेत, आणि दर दोन इमारतींमागें दाराशीं ते तुटतात. सत्तरीची बाई एक फर्लांग चालतांना दहा वेळां चढते आणि दहा वेळां उतरते. तिचे गुडघे हें फार वेळ सहन करीत नाहींत, आणि ती खालीं रस्त्यावर उतरून मोटारींच्या कडेनें चालूं लागते. मग पदपथ असूनही माणसें त्यावरून चालत नाहींत, असा तिच्यावरच ठपका येतो. रस्ता ओलांडण्याची गोष्ट ह्याहून कठीण. ही बाई सेकंदाला एक मीटर ह्या गतीनें चालली, तरी वीस मीटरांचा रस्ता ओलांडण्यास तिला वीस सेकंद हवेत. दिवा तिला बारा सेकंदच देत असेल तर उरलेले आठ सेकंद तिनें सुटलेल्या वाहनांसमोर काढावयाचे. रस्त्याच्या मध्यावर थांबण्यास दीड-दोन मीटरांचा ओटा असला तर तेंच अंतर दोन सुरक्षित टप्प्यांत तुटतें. चौकाचा कोपरा फार गोल ठेवला तर मोटारी वेग न आवरतां वळतात. तोच कोपरा थोडा काटकोनाकडे आणला तर त्यांस वेग कमी करावाच लागतो. ह्या सुधारणांस खर्च थोडा लागतो. पण त्यांच्या उद्घाटनाचा समारंभ करतां येत नाहीं, म्हणून बहुधा त्या मागें पडत असाव्यात.

जंगली महाराज रस्त्याचें उदाहरण येथें घेण्याजोगें आहे. १९७६ सालीं रेकॉन्डो ह्या कंपनीनें तो दहा वर्षांची हमी देऊन बांधला, आणि त्यावर खड्डे पडले नाहींत ही गोष्ट पुणेकर अजून अभिमानानें सांगतात. पण खड्डे नसणें हा रस्त्याच्या पृष्ठाचा गुण झाला. त्याच्या वांटणीचा विचार होण्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं. २०१६ सालीं महापालिकेनें रस्ता-रचनेचीं मार्गदर्शक तत्त्वें आणि पादचाऱ्यांविषयीं धोरण स्वीकारलें, आणि त्याच सुमारास ह्या रस्त्याच्या नव्या रचनेचें काम हातीं घेतलें. पदपथ रुंद झाले, जुनीं झाडें त्यांच्यांतच सामावलीं, बसण्यास बांकें आलीं, मुलांच्या खेळण्याची सोय झाली, आणि मोटारींस उभें राहण्याकरितां चौकटी आंखून मिळाल्या. मोटारींची जागा चोरली, अशी तक्रार झाली. जेथें चालावयासच कोणी येत नसे तेथें संध्याकाळीं आजोबा नातवंडांस घेऊन बसूं लागले, हें मात्र कोणासही पाहतां येतें.

कोंडी फोडण्याचा म्हणून जो उपाय सर्वांस आवडतो, तो उड्डाणपुलाचा. १९६२ सालीं अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स ह्यांनीं असें दाखविलें कीं, गर्दीच्या वेळीं शहरांतील मोठा रस्ता रुंद केला तर वेग थोडे दिवस वाढतो. पण तो वाढल्याचें पाहून, जे लोक दुसऱ्या रस्त्यानें, दुसऱ्या वेळीं किंवा आगगाडीनें जात होते, ते तेथें येतात, आणि गर्दी पूर्ववत् होते. पुणें विद्यापीठाच्या चौकांतील उड्डाणपूल २००६ सालीं बांधला गेला आणि २०२० सालीं, अवघ्या चौदा वर्षांत, पाडावा लागला. कारण तेथून मेट्रो न्यावयाची होती आणि पूल बांधतांना तिची जागा धरलेली नव्हती.

बसगाड्यांस स्वतंत्र मार्ग देण्याचा प्रयोग पुण्यानें डिसेंबर २००६ मध्यें सातारा व सोलापूर रस्त्यांवर केला. देशांतील तो ह्या प्रकारचा पहिला प्रयोग होता. कल्पना योग्य होती. परंतु मार्ग ठिकठिकाणीं तुटला, दुचाक्या त्यांत शिरल्या, आणि थांबे रस्त्याच्या मधोमध असल्यानें प्रवाशांस तेथवर जाण्यासाठीं धांवत्या वाहनांतून वाट काढावी लागली. बस आणि पदपथ हीं दोन निराळीं खातीं समजलीं म्हणजे असें होतें. ६ मार्च २०२२ रोजीं सुरू झालेल्या मेट्रोसही हेंच लागू आहे. स्थानकाच्या जिन्यापाशीं मेट्रोची जबाबदारी संपते; प्रवाशाचा प्रवास संपत नाहीं.

सर्वांत नाजूक वांटा आहे तो उभ्या मोटारीचा. खाजगी मोटार दिवसाच्या चोवीस तासांपैकीं बहुतेक सर्व वेळ उभीच असते, आणि उभें राहण्यास तिला दहा-बारा चौरस मीटर जागा लागते. भाजीवाल्यास ह्याच्या चौथाई जागेवर बसण्यास परवाना लागतो. मोटारीस बहुतेक रस्त्यांवर कांहीं लागत नाहीं. २०१८ सालीं शहरांतील रस्त्यांवर वाहनें उभीं करण्यास दर आकारण्याचें धोरण महापालिकेच्या सभेपुढें आलें, तेव्हां इतका विरोध झाला कीं, तें मोजक्या पांच रस्त्यांपुरतेंच मंजूर करण्यांत आलें. विरोध करणारे लोक सुशिक्षित आणि सुस्थितींतीलच होते. जिचें भाडें भरावें लागत नाहीं अशी जागा सोडावयास कोणीच खुषीनें तयार होत नाहीं.

ह्या पार्श्वभूमीवर लक्ष्मी रस्त्यावरील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २०२१ पासून ११ डिसेंबर हा दिवस महापालिका पादचारी-दिन म्हणून पाळते. त्या दिवशीं ह्या रस्त्याचा गरुड गणपतीपर्यंतचा भाग वाहनांस बंद असतो. मोटार दारापर्यंत आली नाहीं तर गिऱ्हाईक येणार नाहीं, अशी दुकानदारांची भीति होती. सोन्याचांदीच्या आणि पातळांच्या दुकानांपुढें त्या दिवशीं माणसें मात्र भरपूर असतात. मुलें रस्त्याच्या मधोमध खेळतात, म्हातारीं माणसें खुर्च्या टाकून बसतात, आणि ज्या रस्त्यास सारें पुणें अरुंद म्हणतें तो त्या दिवशीं चांगला ऐसपैस दिसतो. १२ डिसेंबरला सकाळीं दुकानें उघडण्यापूर्वींच पहिल्या दुचाक्या पुन्हां कडेला येऊन लागतात.