वाक्याचे सांधे

शाळेच्या व्याकरणात उभयान्वयी अव्ययांच्या वाट्याला फार तर दोन पाने येतात. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक ही नावे विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. नाम व क्रियापद हे वाक्याचे धनी आणि ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ ही मंडळी नुसती सांगकामी, असा समज त्यातून रूढ होतो. तो खरा नाही. घडलेली गोष्ट नामे आणि क्रियापदे सांगतात. तिच्याविषयी बोलणाऱ्याचे मत काय, हे मात्र पुष्कळदा या चिमुकल्या शब्दांत दडलेले असते.

‘तो गरीब आहे आणि प्रामाणिक आहे’ या वाक्यात एका माणसाविषयी दोन गोष्टी कळतात. ‘तो गरीब आहे पण प्रामाणिक आहे’ असे म्हटले की तिसरीही कळते: गरिबाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा नसते, असे बोलणारा धरून चालला आहे. हे त्याने उच्चारलेले नाही. त्यामुळे त्याबद्दल त्याला जाबही विचारता येत नाही.

‘पण’च्या अलीकडे काय ठेवावे आणि पलीकडे काय, यालाही महत्त्व आहे. प्रगतिपुस्तकावर ‘मुलगी खोडकर आहे, पण हुशार आहे’ असा शेरा वाचून आई हसते. ‘हुशार आहे, पण खोडकर आहे’ असा वाचून ती शाळेत चौकशीला येते. दोन्ही शेऱ्यांतील माहिती एकच आहे. ‘पण’ हा संस्कृत ‘पुनः’पासून प्राकृत ‘पुण’च्या वाटेने आला, गोव्याच्या कोंकणीत तो आजही ‘पूण’ आहे.

‘म्हणून’ची कुळकथा याहून रंजक आहे. ‘म्हणणे’ या क्रियापदाचे हे रूप. अर्थ सरळ, ‘असे बोलून’. ‘येतो म्हणून सांगितले’ यात तो अर्थ अजून जिवंत आहे. ही घडण मराठीपुरतीच नाही. बेळगावच्या बाजारात ऐकू येणारा कन्नड ‘एंदु’ आणि हैदराबादेतील तेलुगू ‘अनि’ हे दोन्ही शब्द ‘बोलणे’ या अर्थाच्या धातूंपासूनच झालेले आहेत, आणि दखनीत तर उघड ‘बोलके’ म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी माणसाच्या कानावर हिंदीतला ‘कि’ सतत पडतो. तो वाक्याच्या आधी उभा राहून पुढे काय येत आहे याची वर्दी देतो. ‘म्हणून’ वाक्यामागून येतो. मराठीने ‘की’ आणि ‘म्हणून’ या दोन्ही रीती ठेवून घेतल्या आहेत, ही तिची मोठी सोय होय.

बोलण्याचा हा शब्द कारण सांगण्याच्या कामी कसा लागला? ‘पाऊस येईल म्हणून छत्री घेतली’ हे वाक्य पाहावे. छत्री घेतली त्या वेळी पाऊस आलेलाच नव्हता. पाऊस येईल असे त्या माणसाने मनाशी म्हटले होते. कृतीचे कारण हे मनातले म्हणणेच. पुढे वापर सैल झाला आणि ‘पाऊस आला म्हणून रस्ता ओला झाला’ असेही आपण बोलू लागलो. रस्ता मनाशी काही म्हणत नसतो, परंतु त्याची आता कुणाला अडचण वाटत नाही.

जुना अर्थ मात्र पुरता गेलेला नाही, आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्याने तो ध्यानात ठेवणे बरे. ‘जमावाने एकाला चोर म्हणून मारले’ या बातमीत तो मनुष्य चोर होता असे लिहिलेले नाही. जमाव त्याला चोर म्हणाला, एवढेच लिहिले आहे. तीच बातमी तोंडोतोंडी जाताना ‘चोर होता म्हणून मारले’ अशी होते. वाढला तो ‘होता’ हा एकच शब्द. पण तेवढ्याने जमावाचे म्हणणे ही घडलेली गोष्ट ठरते, आणि मार खाणाऱ्याला ती खोडून काढण्याची संधीही राहत नाही.